मोड्याच्या दिवशीचा किल्लेदार

बायको गेली तेव्हा पुण्यानुमोदनाला बरीच माणसं आली होती. एकेक जण उठून बोलला. एक म्हणाला, बाई लई सोशिक होती. हे साफ खोटं. दुसरा म्हणाला, तिच्या हातच्या भाकरीची सर कुणाला यायची नाही. मी ऐकत होतो. भाकरी तिची बरी असायची, फार नाही. कडेला जाड राहायची. पन्नास वर्षांच्या वर खाल्ली, मला ठाऊक.

ती किल्लेदार होती, हे मात्र कुणी बोललं नाही. बोलणार कुठून? ज्यांनी डोळ्यांनी बघितलं ते तिच्या आधीच गेले. तिला जाऊन आठ महिने झाले. घरात करमत नाही. लेक म्हणते, "आबा, नुसतं आढ्याकडं बघत बसण्यापेक्षा लिहा की काहीतरी." म्हणून लिहितोय. माझी शाळा तिसरीपर्यंत. चुकेल तिथं लेक सुधारील.

आमचं गाव वेल्ह्याच्या अलीकडं. समोर तोरणा, खाली गुंजवणी. गोष्ट साठ ते सत्तरच्या मधली, साल विचारू नका. तेव्हा गावात सोमवारी मोडा असायचा. मोडा म्हणजे त्या दिवशी औत धरायचं नाही, बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. सगळ्या गावानं पाळायचा. बैल दावणीला बसून रवंथ करायचे आणि गडी माणसं पारावर बसून तेच करायची.

गावच्या शाळेत गुरुजी एकच. भोरचे, सोवळ्यातल्या घरातले, पण माणूस मोकळा. सोमवारी शाळा सकाळचीच असायची, मग दुपारी गुरुजींचा वेळ जायचा नाही. एकदा त्यांनी सुताराकडून सोंगट्या करून घेतल्या आणि म्हणाले, सारीपाट मांडू. बसलो चौघं. गुरुजी, सुतार, पाटलांचा पुतण्या आणि मी. मी बौद्ध वस्तीतला. दुसरीकडं कुठं आम्ही चौघं एका तरटावर बसलो नसतो, पण शाळेच्या ओसरीवर गुरुजींचा कायदा चालायचा.

सारीपाटाला दोन मोड्यांत कंटाळलो. पुतण्या म्हणाला, "नुसती घरं मोजायची, ह्यात काय मजा हाय?" तेव्हा गुरुजींनी माझ्या सोंगटीवर बोट ठेवलं.

"ही सोंगटी नाही. हा गडाचा किल्लेदार आहे, असं धरा. खाली गनीम आलाय. आता हा काय करील?"

सगळे हसले. मी म्हणालो, "दरवाजा लावील."

"लावला. पण अडसर कुजका निघाला. आता?"

आणि तिथून जो डाव सुरू झाला तो सहा-सात वर्षं चालला.

डावाची रीत अशी. मांजरपाटाच्या तुकड्यावर गुरुजींनी कोळशानं मुलूख काढला होता. गड, नदी, घाट, रान. मी किल्लेदार. सुतार घोडदळाचा सरदार, तो गडाबाहेर फिरायचा. पुतण्या वकील, गनिमाशी बोलणी करणारा. गुरुजी कुणीच नाहीत आणि सगळं काही. समोर काय आलं ते तेच सांगायचे. आपण काय करतो ते आपण सांगायचं, मग सात कवड्या टाकायच्या. चार किंवा जास्त उताण्या पडल्या तर जमलं. कमी पडल्या तर फसलं, आणि कसं फसलं ते गुरुजी असं रंगवून सांगायचे की घरी जाताना पायाखालचा दगडसुद्धा गनीम वाटायचा. झालेलं सगळं ते वहीत लिहून ठेवायचे. पुढच्या मोड्याला तिथून पुढं.

गुरुजींचे दोन नियम होते. पहिला, डावात ज्यानं त्यानं एकमेकाला हुद्द्यानं हाक मारायची आणि अहोजाहो करायचं. दुसरा, जो लागोपाठ दोन मोडे येणार नाही त्याची सोंगटी आडवी करायची. आडवी म्हणजे मेली. ती जागा दुसऱ्याला. ओसरीच्या पायरीवर तीन-चार जण नुसते बघायला येऊन बसायचे, ते काय आमच्यावर माया म्हणून येत नव्हते. जागा कधी मोकळी होते ह्यावर त्यांचं ध्यान.

आता मला त्या डावाचं एवढं काय होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पुतण्या मला गावात "अरे ए" म्हणून हाक मारायचा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. डावात तोच म्हणायचा, "अहो किल्लेदार, तुमचा विचार काय?" मी त्यासाठी जायचो. खेळाची गोडी होती, नाही म्हणत नाही. पण आठवड्यातून एक दुपार कुणीतरी माझा विचार विचारत होतं. ते एकदा लागलं की सुटत नाही.

मग लेक झाली. पहिलटकरीण, म्हणून बायको माहेरी भोंगवलीला गेली होती. तिसऱ्या महिन्यात पोरीला घेऊन आली. तोवर मी एकटा, मोडा माझ्या बापाचा. ती आली आणि घराचं घड्याळच फिरलं. माझी आई लग्नाआधीच गेलेली, घरात तिसरं माणूस नाही. पोर दिवसा झोपायची आणि आपण भाकर मोडून घास तोंडाशी नेला की टाहो फोडायची. नेमका तोच मुहूर्त. बायको एका हातानं पाळण्याची दोरी ओढायची आणि एका हातानं पीठ मळायची. मी बघायचो. बघायचं काम मी चांगलं करायचो.

पहिल्या सोमवारी मी दुपारी टोपी घातली आणि निघालो. ती दारात उभी.

"कुठं?"

"डावाला. मोडा न्हाई का आज."

"कुणाला मोडा?"

"कुणाला म्हंजी? सगळ्या गावाला."

"मोडा बैलाला, मोडा गड्याला," ती म्हणाली. "बायकांचा मोडा कंच्या वारी असतो त्यो तेवढा इचारून या तुमच्या गुरुजींला. म्या तीन दिस डोकं इंचरलं न्हाई."

 मी नको ते बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. तिनं ऐकून घेतलं आणि पोर उचलून माझ्या हातात दिली.

"जा की. म्या कुठं अडीवलंय? पर हिला घेऊन जा. म्या नदीवर जाती, धुणं करती, आंग धुती, आन् जमलं तर जरा पडती. दिवस कलंस्तवर पोर तुमची."

त्या काळी बापानं पोर कडेवर घेऊन गावातून जायचं म्हणजे लाजच. वस्तीपासून शाळेपर्यंतची वाट मला तोरण्याएवढी वाटली. ओसरीवर पाऊल ठेवलं आणि सुतार ओरडला, "आलं, आलं! किल्लेदारांनी गडावर पाळणा बांधला काय वो?"

पुतण्या म्हणाला, "सरदार, हसू नका. नवी कुमक हाय."

गुरुजींनी तरटाचा एक कोपरा झटकून दिला. मी पोरीला मांडीवर घेऊन बसलो. पहिला तासभर बरी राहिली. कवड्या खळखळल्या की हसायची. मग मी नकाशावर वाकून गनिमाची छावणी बघत होतो, तेवढ्यात मांडी गरम लागली. मी पोरीला झटक्यात वर उचललं आणि तीच चूक झाली. धार गेली नकाशावर. कोळशाची नदी पसरली, घाट बुडाला, अर्धं रान काळं झालं.

कुणी हसेना. सगळे गुरुजींच्या तोंडाकडं बघत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणाच्या घरची पोर, कुणाच्या कापडावर, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. गुरुजींनी वही उघडली, दौतीत टाक बुडवला आणि लिहिता लिहिता म्हणाले, "नदीला पूर आला. उतार बंद. सरदार, तुमचे घोडे दोन मोडे पलीकडेच."

"अवो, असं कसं?" सुतार म्हणाला.

"पाणी कुणाचं ऐकतं का?"

मग जे हसलो ते हसलो. पण पोर भुकेनं रडायला लागली आणि मला दिवस कलायच्या आधीच घरी यावं लागलं. डाव अर्ध्यात राहिला.

पुढच्या सोमवारी पोरीचं पोट दुखत होतं. पाय पोटाशी घेऊन सारखी किंचाळायची. तिला उपडी हातावर टाकून मी सबंध दुपार पडवीतनं येरझाऱ्या घातल्या. तो मोडा चुकला. एक झाला.

त्यात बायकोचं अंगावरचं दूध पोरीला पुरेना. तिच्या भावानं भोंगवलीवरनं बांगड्या विकणाऱ्या कासाराबरोबर सांगावा धाडला, शेळी व्याली हाय, दूध चांगलं देती, पोरीसाठी घेऊन जा. सांगावा आला शुक्रवारी, आणि मला शनिवार, रविवार रोजाचं काम. जायचं तर रविवारी संध्याकाळी, यायचं सोमवारी. मी म्हणालो, दुपारच्या आत शेळीसकट येतो आणि डावाला बसतो. ती म्हणाली, "आन् न्हाई आलात तर?"

"तर किल्लेदार मेला. दुसरा मोडा चुकंल."

"शेळी फुडल्या हप्त्याला आणली तर?"

मी पोरीकडं बघितलं. हात-पाय काड्यांसारखे झाले होते. "नगं," म्हणालो. "जातो."

असं काही नाही की मी फार मोठ्या मनाचा होतो. वाटेनं मी पोरीवर चिडलो, शेळीवर चिडलो, मेव्हण्यावर चिडलो. बाप झाल्यावर माणूस लगेच शहाणा होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सोमवारी सकाळी मेव्हण्यानं बैलगाडीनं कापूरहोळला सोडलं. एसटी आली. मी शेळीला दोरीनं ओढत दाराशी गेलो.

कंडक्टर म्हणाला, "ही कुठं?"

"वेल्ह्याकडं. तिकीट काढतो की तिचं."

"आन् बसवू कुठं? बायकांच्या शिटावर?"

"उभी राहील."

"मामा, गाडी माणसांची हाय. सरका मागं."

त्याचंही बरोबर होतं. गाडी गेली. मी आणि शेळी राहिलो. तिथनं नसरापूर चालत, आणि नसरापुरावरनं वेल्ह्याच्या वाटेला लागलो. तिचं करडू पाठीवर झोळीत, शेळी दोरीला. शेळीचा स्वभाव असा, आपण ओढलं की ती बसते आणि आपण बसलो की ती निघते. वाटेत जे काटेरी झुडूप येईल ते चाखल्याशिवाय पाऊल टाकायची नाही. सूर्य डोक्यावर आला तेव्हा मी अर्ध्या वाटेवर पण नव्हतो. ओसरीवर आता तरट अंथरलं असेल. आता कवड्या काढल्या असतील. आता गुरुजी माझी सोंगटी उचलून आडवी करत असतील. त्या पायरीवरच्या तिघा-चौघांपैकी कोण पुढं सरकलं असेल, हे मी चालता चालता ठरवत होतो आणि ठरवून त्याला शिव्या देत होतो.

मी येण्याच्या आधी काय झालं ते मला गुरुजींनी नंतर सांगितलं. दुपारी ते सोंगट्या मांडत होते तेव्हा बायको ओसरीच्या खाली येऊन उभी राहिली. पोर काखेत, डोईवर पदर.

"गुरुजी, आमचं माणूस शेळी आणाया गेलंय. आज न्हाई आलं तर किल्लेदार मरंल म्हणत्यात. म्या बसू का तेंच्या जागी?"

सुतार हसला. "आता बाया येणार गड लढवाया? वैनी, घरी जा, पोर रडंल."

ती म्हणाली, "पोर तुमच्यावानी रडकी न्हाई."

पुतण्या म्हणाला, हे नियमात नाही. गुरुजींनी वही उघडली, नियम वाचून दाखवला आणि म्हणाले, "सोंगटी चालवायला माणूस हजर पाहिजे, एवढंच लिहिलंय. बाई की बुवा, ते नाही लिहिलं. बसा, किल्लेदार." मग पुतण्याकडं वळून म्हणाले, "वकील, हुद्द्यानं हाक मारायची. विसरू नका."

ती वर आली आणि तरटावर माझ्या जागी बसली.

दिवस कलायला आला तेव्हा मी गावात पोचलो. घरी न जाता शेळी घेऊन तसाच शाळेकडं गेलो. सोंगटी मेलेली का होईना, डोळ्यांनी बघावी म्हणून. जांभळीच्या आडून बघतो तर ओसरीवर माझी बायको. मांडीवर पोर झोपलेली. पायरीवर नेहमीचे तिघं-चौघं आणि आणखी दहा माणसं. 

खरं सांगतो, पहिल्यांदा मला राग आला. आता गाव काय म्हणेल, हेच पहिलं डोक्यात आलं. पुढं जाणार, तेवढ्यात तिचा आवाज आला.

"गडावर माणसं किती?"

गुरुजींनी वही चाळली. "तीनशे."

"त्यात बायका किती?"

गुरुजींनी पुन्हा चाळली. बराच वेळ चाळली. "लिहिलेल्या नाहीत."

"मंग तीनशे गड्यांच्या भाकरी कोण थापतंय?"

सुतार म्हणाला, "आसतील की आचारी."

"आन् दळण? तेबी आचारीच दळत्यात? सरदार, तुमी घरी कधी जात्याला हात लावलाय का?"

पायरीवरची माणसं फिदीफिदी हसली. गुरुजींनी टाक बुडवला आणि लिहिलं, "बायका ऐंशी." मग म्हणाले, "किल्लेदार, तीन मोडे झाले, गडाला वेढा आहे. धान्य आठ दिवसांचं उरलंय. मागच्या खेपेला तुम्ही म्हणाला होता, लढून मरू पण दार उघडणार नाही. तेच धरायचं का?"

ते मी म्हणालो होतो. मोठ्या रुबाबात म्हणालो होतो.

"मरायचं कशाला?" ती म्हणाली. "ऐंशी बायका हाईत म्हंजी त्या पाण्याला जात आसतील. पाण्याची वाट कुठनं हाय?"

 गुरुजींनी नकाशावर, गडाच्या मागच्या अंगाला, कोळशानं एक बारीक रेघ ओढली. खाली झऱ्यापर्यंत. "इथून."

"तितं गनिमाचं पहारं हाईत का?"

"आहेत. पण बायका घागरी घेऊन जातात म्हणून कुणी लक्ष देत नाही."

"लक्ष न्हाईच देत कुणी," ती म्हणाली. तिला ते शिकवायला नको होतं. आमच्या वस्तीची पाण्याची वाट वेगळी होती, नदीच्या खालच्या अंगानं. तिकडं कोण जातं, कोण येतं, गावातलं माणूस कधी बघायचं नाही. "मंग वर येताना घागरीत पाणी आणायचं न्हाई. तळाला दाणं, वर चार वंजळी पाणी. खालच्या वाडीतनं सरदारांनी दाणं झऱ्यावर पोचतं करायचं. पूर उतरलाय का न्हाई वो, सरदार?"

"उतरला," सुतार म्हणाला. आणि मग हळूच, "किल्लेदार."

"टाका कवड्या," गुरुजी म्हणाले.

तिनं पोर जागी होऊ नये म्हणून एका हातानंच टाकल्या. पाच उताण्या.

पायरीवर जो गलका झाला त्यानं पोर उठली आणि शेळी ओरडली. सगळ्यांनी वळून बघितलं. मी घामानं थबथबलेला, पाठीवर करडू, हातात दोरी. बायको जागची उठली नाही. मला म्हणाली, "आलात? धरा हिला. माजी पाळी अजून संपली न्हाई."

मी वर गेलो आणि पोर घेतली. दुसरं काय करणार होतो? पुतण्या पुढं वाकून, नकाशाकडं बघत तिला विचारत होता, "किल्लेदार, मग आता गनिमाशी बोलणी लांबवू का तोडू? तुमचा विचार काय?" पाटलांचा पुतण्या. माझ्या बायकोला. तुमचा विचार काय. माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. पोरीला खांद्यावर घेऊन मी शेळीजवळ उभा राहिलो आणि डोळं पुसलं. लोकांना वाटलं, घाम आहे. होताच.

घरी जाताना मी तिला विचारलं, "तुला डावातलं सगळं कसं ठावं? वेढा, पूर, सरदार कुठं हाय, दाणं किती हाईत?"

"तुमीच सांगता की."

"म्या कधी?"

"दर मोड्याला. म्या चुलीपुढं बसल्याव. भाकर करपली तरी तुमचं किल्लेदार-पुराण सरत न्हाई. मला सगळं पाठ झालंय."

मला वाटायचं, ती ऐकतच नाही. ती मान वर करायची नाही, हूं पण म्हणायची नाही. मी आपला भिंतीशी बोलल्यासारखा बोलत राहायचो. आणि ती एकेक गोष्ट धरून ठेवत होती. त्या दिवशी दुपारी, तीन महिन्यांची बाळंतीण, दूध पुरेना म्हणून जिला खायला-पडायला पाहिजे होतं, ती गावातनं चालत शाळेवर गेली आणि जिथं कुठली बाई कधी बसली नव्हती तिथं बसली. माझी जागा जाऊ नये म्हणून. मला त्या डावात काय वाटायचं, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिनं ते कसं ओळखलं, ते मी पुढंही कधी विचारलं नाही.

त्यानंतर ठरलं, एक मोडा माझा, एक तिचा. ज्याचा मोडा नाही त्यानं पोर सांभाळायची. गुरुजींनी वहीत लिहून घेतलं, किल्लेदार एक, माणसं दोन. गावानं नावं ठेवली. माझ्या चुलत्यानं वस्तीत सगळ्यांदेखत मला विचारलं, "लुगडं कधी नेसतोस?" मी म्हणालो, "पोर झोपली की." बिनकामाचं बोलणं बिनकामाच्या वेळी ऐकावं. तेव्हा मला वेळ नव्हता. शेळीचं दूध काढायचं, पातळ करून तापवायचं, पोरीला चमच्यानं पाजायचं, ती निम्मं थुंकायची, पुन्हा पाजायचं. पहिल्या महिन्यात मी तीन वेळा दूध उतू घातलं आणि एकदा दुपट्याऐवजी माझाच धुतलेला सदरा पोरीखाली घातला. पण पोर अंगाला लागली. गाल आले.

डावाला पहिल्यांदा तिची पाळी होती आणि मी घरी होतो, तो सोमवार मला चांगला आठवतो. पोर झोपली आणि मी पडवीत बसलो. वारा इकडचा असला की शाळेवरचं हसणं ऐकू यायचं. काय चाललंय ते कळेना.  तेव्हा कळलं, मी डावाला जायचो तेव्हा हिची दुपार कशी जात असेल. फरक एवढाच, मी बसून होतो आणि ती कामात असायची.

ती आली ती तडक न्हाणीत गेली, पाय धुतले, पोर घेतली, पाजायला बसली. मी विचारलं, "काय झालं?"

"च्या करा आधी."

केला. शेळीच्या दुधाचा, वास येणारा. तिनं बशीत ओतून घेतला, दोन फुरके मारले.

"सुताराचं घोडदळ बुडवलं."

"बुडवलं? तू?"

"म्या कशाला? त्यानंच न इचारता रातचं नदीत घातलं. म्या म्हणलं, सरदार, उतार बघा. तर म्हणतोय, बाईमाणसानं घोड्यातलं सांगू नये. टाकल्या कवड्या. दोन उताण्या."

"मंग?"

"मंग काय, गेलं व्हावून. आता मलाच तेला गडावर घ्यावा लागला. दार उघडायच्या आधी म्या तेला म्हणाया लावलं, किल्लेदार, चुकलं."

"म्हणला?"

"न म्हणून सांगतोय कुणाला? भायेर गनीम हुता."

ती सांगत गेली आणि मी चुलीपुढं बसून ऐकत गेलो. माझ्यासारखं हातवारे करून नाही. एकेक गोष्ट नीट, क्रमानं, जशी लुगड्याची घडी घालावी तशी. इतके दिवस मी तिला सांगत होतो आणि मला कुणी कधी काही सांगितलं नव्हतं. माणसाला घरी आल्यावर कुणीतरी आपल्या दिवसातलं सांगावं, ही चैन मला त्या सोमवारी पहिल्यांदा मिळाली. नंतर जन्मभर मिळाली. डाव मोडल्यावरसुद्धा. बाजारात काय झालं, नदीवर कोण काय म्हणालं, लेकीच्या शाळेत काय झालं. आता कधी कधी दुपारी मी अजून थांबतो, ती येऊन सांगेल म्हणून. मग ध्यानात येतं.

लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी गुरुजींची बदली झाली. शेवटचा डाव ठरला. पाळी माझी होती. गड अजून उभा होता, गनीम थकला होता, एका फेरीत सगळं निकाली निघणार होतं. सगळं गाव ओसरीखाली. आम्ही तिघंही गेलो. गुरुजींनी सोंगट्या मांडल्या आणि म्हणाले, "किल्लेदार, या."

मी पायरी चढलो, आणि तिथं थांबलो. सहा-सात वर्षं मी त्या जागेसाठी जीव टाकला होता. मी मागं वळून तिला म्हणालो, "जा. तू बस."

"पाळी तुमची हाय."

"ठावं हाय. तू बस."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी लेकीचा हात धरला आणि खाली येऊन लोकांत उभा राहिलो. ती वर जाऊन बसली, पदर खोचला, कवड्या हातात घेतल्या. जन्मात मी तिला दागिना केला नाही, कुठं फिरायला नेलं नाही. एवढी एक जागा दिली, आणि तीही तिनंच राखलेली.

तिच्या तीनच कवड्या उताण्या पडल्या. गड गेला. गुरुजी इतकं सुंदर बोलले की म्हाताऱ्या बायका डोळं पुसत होत्या. ती मात्र घरी येईपर्यंत सुताराला शिव्या देत होती. म्हणत होती, त्यानं ऐन वेळेला खोकून तिचा हात हलवला. मी म्हणालो, व्हय, खोकला खरा. सुतार खोकलाच नव्हता. पण मी तिच्या बाजूनं बोललो, आणि त्या रागात तिनं मला दोन भाकरी जास्त वाढल्या.